समुद्राच्या नावे

माझी भाची ठाण्याला राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ‘मामा, तुम्ही बोईसरला होतात ना बँकेत? मग सांगा, तिकडचे मासे खायचे की नाही? आमची कोळीण म्हणते सातपाटीचं पापलेट आहे, डोळे झाकून घ्या. आणि सोसायटीत कोणीतरी मोबाइलवर फिरवलंय की त्या समुद्रात आर्सेनिक आहे. मुलांना द्यायचं का?’

प्रश्न घरगुती आहे, त्याला उत्तरही घरगुतीच हवे. ते मी देणार आहे, पण थोडे पुढे गेल्यावर. कारण ‘खा’ किंवा ‘खाऊ नका’ एवढ्यावर तो संपत नाही. पापलेट कोणी खावे यापेक्षा त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी काय खावे, आणि त्यांच्या समुद्रात कोण काय ओतते याचा हिशेब कोण ठेवतो, हा त्यातला खरा भाग आहे. निवृत्त बँकवाल्याला हिशेबाची खोड असते. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

आर्सेनिक हे नाव परकी असले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. आपण तिला सोमल म्हणतो. दरबारी कारस्थानांच्या गोष्टींतून सोमलाने पुष्कळ माणसे मारलेली आहेत. हरताळ आणि मनशीळ ही त्याच घराण्यातली दोन भावंडे, एक पिवळे, दुसरे तांबूस. दोन्ही आर्सेनिक आणि गंधक यांची संयुगे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर नवे अक्षर काढत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथून आला. खालचे अक्षर पुसले जात नसे, नुसते दिसेनासे होई.

हे आर्सेनिक मुळात खडकात असते. सोने, तांबे, शिसे, जस्त ही मंडळी गंधकाच्या संगतीने ज्या खडकात राहतात, त्याच खडकात आर्सेनिकही बिऱ्हाड करून असते. जमिनीखाली आहे तोवर त्याचा कोणाला उपद्रव नाही. पण एक टन खडकातून सोने निघते काही ग्रॅम, आणि ते काढण्यासाठी सगळा खडक पिठासारखा दळावा लागतो. धातू काढून घेतला की उरतो तो चोथा. दळलेला, ओला, डोंगराएवढा, आणि आत दडलेले आर्सेनिक आता हवेला आणि पाण्याला उघडे पडलेले. हा चोथा ठेवायचा कुठे, या प्रश्नाला जगातल्या काही खाणींनी फार सोपे उत्तर शोधले. शेजारी समुद्र होता.

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर पोर्तमान नावाचे कोळ्यांचे गाव आहे. रोमन काळापासूनचे बंदर. १९५७ साली पेन्यारोया या कंपनीने आपल्या शिसे-जस्ताच्या खाणींचा चोथा नळाने तिथल्या लहानशा आखातात सोडायला सुरुवात केली. १९९० पर्यंत तो नळ चालू होता. तोपर्यंत ५ कोटी ७० लाख टनांच्या आसपास चोथा आत गेला होता. आखात बुजले. किनारा अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकला. कोळ्यांच्या होड्या जिथे लागत तो धक्का आज कोरड्या जमिनीवर उभा आहे. त्या काळ्या वाळूत आणि समुद्राच्या तळाशी आर्सेनिक, शिसे, कॅडमियम अजून आहेत, आणि ते काढण्याचे काम पुन्हा पुन्हा सुरू होते आणि रखडते.

दुसरे उदाहरण इंडोनेशियातले, आणि ते मला जास्त बोलके वाटते. सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला बुयातचे आखात. तिथे न्यूमाँट या अमेरिकन कंपनीच्या उपकंपनीने १९९६ ते २००४ सोन्याच्या खाणीचा चोथा समुद्रात, सुमारे ८२ मीटर खोलीवर, नळाने सोडला. कंपनीचे म्हणणे असे की एवढ्या खोलीवर गेलेला गाळ वर येत नाही. गावकऱ्यांचे म्हणणे असे की अंगावर गाठी उठतात, खाज सुटते, मासे मरून पडतात. मग तपासण्या झाल्या. सरकारी समितीला तळाच्या गाळात आर्सेनिक आणि पारा जास्त आढळला. दुसऱ्या तपासण्यांनी पाणी आणि मासे ठीक असल्याचे सांगितले. २००६ साली कंपनीने सरकारशी तीन कोटी डॉलरचा समझोता केला; दोष कबूल न करता. २००७ साली फौजदारी खटल्यातून कंपनी आणि तिचा अधिकारी निर्दोष सुटले. गावातली बरीच कुटुंबे त्याआधीच दुसरीकडे राहायला गेली होती.

यात खरे कोणाचे, असा निवाडा इथे बसून करणे बरोबर नाही. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. एकाने पाणी तपासले, दुसऱ्याने गाळ तपासला, आणि दोघांचीही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पाणी आज इथे आहे, सहा तासांनी ओहोटीबरोबर दुसरीकडे. गाळ तिथेच बसतो. एखाद्या कर्जदाराची ऐपत त्याच्या खिशातली आजची रोकड पाहून ठरवायची की पासबुकाची मागची दहा पाने उलटून, असा हा फरक आहे.

आता वाचक म्हणतील, पालघरच्या समुद्रात सोन्याची खाण कुठून आली? आलेली नाही. तारापूरला कोणी खाणीचा चोथा समुद्रात टाकत नाही, आणि सोसायटीतल्या मोबाइलवर काय फिरते याची जबाबदारी माझी नाही. पण नळ मात्र तिथे आहे. आणि नळाचे तर्कशास्त्र सगळीकडे सारखेच असते.

ते कसे, हे कायद्यात दिसते. समुद्रात कचरा टाकण्याविरुद्ध १९७२ चा लंडन करार आहे. तो जहाजातून, विमानातून नेऊन टाकलेल्या कचऱ्याला लागू होतो. किनाऱ्यावरून नळ टाकून तोच कचरा सोडला तर तो करार त्याला हात लावत नाही. तो त्या त्या देशाचा घरगुती मामला. म्हणजे एकच घाण होडीतून नेली तर आंतरराष्ट्रीय प्रश्न, आणि नळातून सोडली तर स्थानिक परवाना. २०१६ साली हवाईत भरलेल्या जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या परिषदेने खाणींचा चोथा समुद्रात सोडणे थांबवा, असा ठराव केला. ठराव म्हणजे ठराव. त्याने कुठला नळ बंद होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर आर्सेनिकचा धडा मिळाला तो गोव्यात, आणि त्याला आता पन्नास वर्षे झाली. १९७३ च्या सुमारास झुआरीनगरच्या पठारावर खताचा मोठा कारखाना सुरू झाला. अमोनिया तयार करताना वायू धुऊन घ्यावा लागतो आणि त्या काळी त्यासाठी आर्सेनिकयुक्त द्रावण वापरण्याची पद्धत होती. पठाराच्या पायथ्याशी वेळसांवचा किनारा. कारखान्याच्या सांडपाण्यातून आर्सेनिक समुद्रात गेले आणि किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. रापणकार, शेतकरी, शिक्षक रस्त्यावर आले. त्यांत माथानी साल्ढाणा नावाचे एक तरुण शिक्षक होते. पुढे ते रापणकारांचे नेते झाले, मंत्रीही झाले, २०१२ साली मंत्रिपदावर असतानाच वारले. गोव्यातले पर्यावरणाचे पहिले मोठे जनआंदोलन म्हणून आजही त्या लढ्याची आठवण काढतात. प्रदूषण रोखण्याचा देशातला पहिला मोठा कायदा, जलप्रदूषणाचा, १९७४ साली आला. म्हणजे वेळसांवचे मासे मेले तेव्हा कायदा जेमतेम जन्माला येत होता.

वेळसांवला मासे मेलेले दिसले, हे एका अर्थी गावकऱ्यांचे नशीब. थोडे थोडे, रोज, वर्षानुवर्षे गेले असते तर काही दिसले नसते.

बोईसरला मी होतो तो काळ १९८७ ते १९९१. आमच्या शाखेच्या खातेवहीत एका बाजूला औद्योगिक वसाहतीतले छोटे रसायनवाले होते, रंगाचे कच्चे माल करणारे, औषधांचे अर्धे-मुर्धे घटक करणारे. दुसऱ्या बाजूला मुरबे, दांडी, नवापूर, सातपाटीकडचे मांगेला आणि वैती समाजाचे मच्छीमार; त्यांना होडीसाठी, इंजिनासाठी, जाळ्यांसाठी कर्जे. एकाच टेबलावर दोन्ही फायली येत. कारखान्याच्या अर्जात प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राचा क्रमांक लिहायला एक रकाना होता. होडीच्या अर्जात मासळी किती मिळेल याचा अंदाज लिहायला एक रकाना होता. या दोन रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे कुठल्याच छापील नमुन्यात नव्हते.

मुरब्याचा एक वयस्कर कर्जदार हप्ता थकला की स्वतःहून येऊन बसत असे. पळून जाणारा माणूस नव्हता. एकदा म्हणाला, ‘साहेब, खाडी हाय तेवढीच हाय. भरती येते, ओहोटी जाते. मासळीच तेवढी येत नाय. तुमच्या कागदावर हे कुठं लिवायचं?’ मी ते ‘नैसर्गिक कारण’ या शीर्षकाखाली लिहिले, कारण दुसरे शीर्षक उपलब्ध नव्हते.

तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले आणि सत्तरच्या दशकात त्याच्या अलीकडे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढत गेली. आज तिथे हजाराहून अधिक कारखाने आहेत; औषधे, रंग, रसायने, कापड, पोलाद. या पोटापाण्याच्या उद्योगांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. बोईसरच्या चाळींतून उत्तर प्रदेशापासून ओडिशापर्यंतची माणसे त्यांवर जगतात, आणि आपल्या औषधाच्या कपाटातल्या निम्म्या गोळ्यांचा कुठला तरी घटक अशाच वसाहतींतून आलेला असतो. प्रश्न पाण्याचा आहे. वसाहतीचे सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येते आणि तिथून नळाने नवापूरच्या समुद्रात जाते. या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि येणारे पाणी वर्षानुवर्षे त्याहून कितीतरी जास्त होते. जास्तीचे कुठे जाणार? नाल्यात, खाडीत, बाणगंगेत. नंतर ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र बांधले गेले.

२०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. होड्या चालवणाऱ्या एका लहान समाजाने वकील लावून, नमुने गोळा करून हे केले, याची नोंद आपल्या शहरी वर्तमानपत्रांनी फारशी घेतली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, २०१८ चा, त्यात तारापूर देशात पहिले आले. गुण ९३.६९. शंभरापैकी एवढे गुण आपल्याकडे दहावीच्या निकालात मिळाले की पेढे वाटतात. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली, नुकसानीचा हिशेब करवला, आणि जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखाने आणि सामायिक केंद्र यांच्यावर मिळून दोनशे कोटी रुपयांहून जास्त भरपाईचा बोजा टाकला.

रक्कम मोठी आहे. पण मला रकमेपेक्षा तिच्या हिशेबाची पद्धत बघावीशी वाटते. दंड लागतो तो मर्यादा ओलांडल्याबद्दल. आणि मर्यादा मोजली जाते ती एका लिटरमध्ये किती, अशी. समुद्रात सोडायच्या सांडपाण्यात आर्सेनिक लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असा आपला नियम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे सांडपाण्याला वीसपट सूट. सांडपाणी कोणी पीत नाही, तेव्हा सूट असायला हरकत नाही. पण आता बँकेतल्या पद्धतीने गुणाकार करू. दिवसाला ५० दशलक्ष लिटर पाणी, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. रोजचे झाले दहा किलो. वर्षाचे साडेतीन टनांहून अधिक. तारापूरहून एवढे आर्सेनिक जाते असे मी म्हणत नाही, कृपया कोणी तसे फिरवू नये. मी एवढेच म्हणतो की एवढे गेले तरी एकही नियम मोडत नाही.

हे म्हणजे व्याजाच्या दरावर कडक मर्यादा आणि मुद्दल कितीही, असे झाले. दर पाळला की काम झाले. समुद्राच्या नावे आजवर एकूण किती टाकले, ती बेरीज कुठल्याच वहीत नाही.

शिवाय मोजले तरी काय जाते? सामायिक केंद्रांवर आता चोवीस तास चालणारी यंत्रे बसवलेली असतात, त्यांचे आकडे थेट प्रदूषण मंडळाच्या संगणकावर जातात. ही चांगली सुधारणा आहे. पण ती यंत्रे पाहतात पाण्याचा आम्लपणा, प्रवाह, गढूळपणा, आणि त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजायला किती प्राणवायू लागेल ते. आर्सेनिक, पारा, शिसे ही यंत्रे पाहत नाहीत. त्यासाठी बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवावी लागते. बाटली कधी भरायची, कोणी भरायची, कुठे उभे राहून भरायची, यावर मग उत्तर अवलंबून. आमच्याकडे तपासनीस येणार ही बातमी आदल्या दिवशी शाखेत पोचली की रोकड नेहमीच बरोबर भरायची.

आर्सेनिक तारापूरसारख्या ठिकाणी येतेच कुठून, असे कोणी विचारील. येते ते खाणीतूनच, वेगळ्या वाटेने. गंधकाम्ल, फॉस्फेट, धातूंचे क्षार हे सगळे कधीतरी खडकच होते, आणि खडकातला बिऱ्हाडकरू थोडाथोडा त्यांच्याबरोबर प्रवास करतो. कोळसाही तसाच. बॉयलरमध्ये जळतो तेव्हा त्यातले काही आर्सेनिक धुरात जाते, काही राखेत उरते. म्हणून राखेचे तळे हीदेखील एका परीने दूरच्या खाणीची शाखाच असते. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र नव्वदच्या दशकात आले तेव्हा तिथल्या लोकांनी याच गोष्टीसाठी भांडण मांडले होते, धूर आणि राख यांसाठी. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला होता. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. धूर धुणारी यंत्रणा त्या केंद्राला बसवावी लागली ती या प्राधिकरणाच्या चिकाटीमुळे. माणसे चिकाटी धरतात तेव्हा यंत्रे बसतात, हे आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे.

आता भाचीला दिलेले उत्तर. आर्सेनिक सगळ्या समुद्रांत असतेच. स्वच्छ समुद्राच्या पाण्यातही लिटरमागे दीड-दोन मायक्रोग्रॅम. माशांच्या अंगात ते पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त सापडते. पण माशांच्या शरीरात त्याचे बहुतांशी एक सेंद्रिय रूप झालेले असते, आणि ते रूप आपण खाल्ले तर लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून ‘माशात आर्सेनिक सापडले’ एवढ्या बातमीला काही अर्थ नसतो. कुठल्या रूपातले, हे विचारायला हवे. घातक ते असेंद्रिय रूप. ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर कातडीवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत, टणक होतात, आणि पुढे त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांचे कर्करोग. पश्चिम बंगालमध्ये विहिरींच्या पाण्यातून हे लाखो लोकांच्या वाट्याला आले. शिजवून, तळून ते जात नाही. पापलेट मात्र खोल समुद्रात फिरणारा मासा. सातपाटीच्या होड्या त्यासाठी फार लांब जातात. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केले. ठाण्यातल्या मुलांनी आठवड्यातून एकदा तो खावा, खुशाल खावा. त्याच्या आजच्या भावाची चिंता आर्सेनिकपेक्षा जास्त करण्यासारखी आहे.

‘मग ठीक आहे,’ भाची म्हणाली. तिच्यापुरते ठीक आहे.

पण खाडीच्या तोंडाशी ओहोटीला बायका चिखलात उतरतात. गुडघाभर चिखल, कमरेला टोपली. कालवे फोडतात, शिंपल्या वेचतात, निवट्या धरतात. यातले थोडे बोईसरच्या बाजारात जाते, बाकीचे घरच्या कालवणात. मोठी मासळी विकायची असते, ती घरात कमीच खाल्ली जाते. कालवे आणि शिंपल्या एका जागी बसून पाणी गाळून खाणारे जीव. जे पाण्यात आणि गाळात असेल ते त्यांच्या अंगात साठते. निवटी तर चिखलातच राहते. म्हणजे नळाच्या सगळ्यात जवळचे जीव सगळ्यात जास्त कोण खाते, तर नळाच्या सगळ्यात जवळची माणसे. रोज, दोन वेळा, पोरेबाळे धरून. सरासरी भारतीय माणूस महिन्याला किती मासे खातो या आकड्यावरून धोका मोजायचा तर मुरबे-दांडीची ती बाई त्या हिशेबात कुठेच येत नाही. बँकेत आम्ही याला वेगळ्या शब्दांत शिकलो होतो: सगळी उधारी एकाच कर्जदाराकडे असेल तर शाखेची सरासरी बघू नये.

नळाबद्दल एक उपाय नेहमी सांगितला जातो, तो म्हणजे नळ आणखी आत न्यायचा. किनाऱ्यापासून काही किलोमीटर खोल पाण्यात सोडले की भरती-ओहोटी ते पांगवून टाकते. पालघरचा समुद्र चार-पाच मीटरची भरती घेणारा, जोराचा. पांगवण्याच्या कामाला तो उत्तमच. कुजणाऱ्या सेंद्रिय घाणीसाठी ही युक्ती बऱ्यापैकी चालतेही, कारण ती पांगली की जिरते. धातू जिरत नाहीत. ते पाण्यात तरंगणाऱ्या बारीक मातीच्या कणांना चिकटतात आणि आपला किनारा म्हणजे बारीक मातीचेच आगर. कण तळाशी बसतात, भरती त्यांना उचलून पुन्हा खाडीत आणून बसवते. त्यात आर्सेनिकची आणखी एक खोड आहे. ते लोहाच्या गंजाला धरून बसते. चिखलात खोलवर, जिथे हवा पोचत नाही तिथे, तो गंज विरघळतो आणि धरून ठेवलेले आर्सेनिक सुटते. म्हणजे तळाला गेले ते कायमचे गेले, असेही नाही. पोथीतल्या हरताळाखालचे अक्षर जसे होते तसेच.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की त्या तळाला आता हात लागणार आहे. तारापूरच्या उत्तरेला वाढवणला मोठे बंदर होते आहे. १९९८ साली धर्माधिकारी प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. न्यायमूर्ती २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रकल्पाला संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. दक्षिणेला मुरब्याला आणखी एका बंदराचा प्रस्ताव आहे. बंदर हवे की नको यावर किनाऱ्यावर अनेक वर्षे आंदोलन चालू आहे आणि ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ हे शब्द डहाणूपासून वसईपर्यंतच्या भिंतींवर लिहिलेले आहेत. त्या वादात मी या लेखात शिरत नाही. माझे मत कोणाच्या बाजूचे आहे हे ओळखणे अवघडही नाही. पण बंदर झाले तरी आणि न झाले तरी एक काम राहतेच, आणि ते आधी व्हायला हवे.

जहाजांसाठी समुद्राचा तळ खोदतात तेव्हा बसलेला गाळ उठतो. पन्नास वर्षांच्या नळाने त्यात काय ठेवले आहे हे खोदण्यापूर्वी मोजले, तर कळेल. खोदल्यानंतर मोजले तर कोणी म्हणेल हे बंदरामुळे, बंदरवाले म्हणतील हे कारखान्यांमुळे, कारखानेवाले म्हणतील हे मुळातच खडकातले. बुयातला झाले तसे. बँकेत चार्ज देता-घेताना जुना आणि नवा अधिकारी एकत्र उभे राहून तिजोरीतली रोकड मोजतात, दोघे सही करतात, मग किल्ल्या बदलतात. यात कोणावर अविश्वास नसतो. उद्या कमी पडले तर कोणाच्या वेळचे, हे ठरवता यावे एवढाच हेतू.

मोजणे अशक्य नाही, फार खर्चाचेही नाही. एक पोकळ नळी चिखलात उभी खुपसायची, आत आलेला गाळाचा दांडा काढायचा, त्याचे काकडीसारखे काप करायचे. वरचा काप अलीकडचा, खालचा जुना. त्यांचे वय ठरवण्याच्या पद्धती आहेत. गोव्यात दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, मुंबईत विद्यापीठ आहे, वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था आहे. माणसांची वाण नाही. नवापूरच्या नळापाशी, दांडीच्या आणि मुरब्याच्या खाडीत, वाढवणला, आणि तुलनेसाठी जिथे कारखाना नाही अशा एखाद्या दूरच्या किनाऱ्यावर असे दांडे काढले, की १९७० चा चिखल आणि आजचा चिखल शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. त्याबरोबर कालवे आणि शिंपल्या, वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर. आणि ज्या घरांत त्या रोज शिजतात तिथल्या माणसांच्या नखांचे, केसांचे नमुने, त्यांची परवानगी घेऊन. केसांत आणि नखांत आर्सेनिक महिनोन्महिने साठलेले सापडते.

दुसरी गोष्ट भाषेची. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा असा २००६ च्या अधिसूचनेचा नियम आहे. सारांश मराठीत येतो. धातूंचे तक्ते, नमुन्यांची ठिकाणे आणि तारखा, मोजणीची पद्धत हे सगळे जाडजूड इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टात राहते. जनसुनावणीत मच्छीमार उठून भावनेने बोलतात आणि व्यासपीठावरून त्यांना आकडे ऐकवले जातात, ही तक्रार मी दोन्ही बाजूंकडून ऐकली आहे. भावना कोणाच्या आणि आकडे कोणाचे, ही वाटणी कागद कोणत्या भाषेत आहे यावर झालेली असते.

मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या या किनाऱ्यावर फार जुन्या आणि पक्क्या आहेत. बर्फाचा, डिझेलचा, मासळीचा पै-पैचा हिशेब त्या ठेवतात. मी त्यांची ताळेबंदपत्रके तपासली आहेत आणि चूक क्वचित सापडली आहे. त्यांच्या कचेरीत भरती-ओहोटीचे कोष्टक भिंतीवर असते, येणारा-जाणारा त्यावर नजर टाकतो. त्याच्या शेजारी आणखी एक कागद लावायला हातभर जागा पुरे: कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणचा चिखल आणि कालवे तपासली, आर्सेनिक किती, शिसे किती, पारा किती, नमुना घेताना गावातले कोण हजर होते, आणि खाली सही कोणाची.